राजमची शेपूट

चि. बाळ,

तुझं परीक्षण मिळालं. बाईंनी दिलेल्या तक्त्यातले सगळे रकाने तू नीट भरले आहेस : पुस्तकाचं नाव, लेखक, पात्रं, स्थळ, आवडलेला प्रसंग, न आवडलेला प्रसंग, बोध. अक्षर सुरेख आहे. पण चिठ्ठीत तू विचारलं आहेस, ‘आजी, खरं सांग, चांगलं झालंय का?’ म्हणून खरंच सांगते. ‘बोध’ या रकान्यात ‘मैत्रीत भांडू नये’ असं लिहिलं आहेस, ते खोडून टाक. आणि ‘न आवडलेला प्रसंग’ या रकान्यात जी दीड ओळ लिहिली आहेस, तिथून परीक्षण पुन्हा लिहायला घे.

त्या दीड ओळीत तू म्हणतेस की सोमू, शंकर आणि वाटाणा स्वामीशी बोलणं बंद करतात तो भाग तुला आवडला नाही, म्हणून तू तो भरभर वाचून टाकलास. बाळ, तो भाग पुन्हा वाच, आणि सावकाश वाच. या जूनमध्ये तुझी शाळा बदलली आहे. त्याबद्दल मी काही विचारणार नाही, तुला सांगावंसं वाटेल तेव्हा तू सांगशीलच. मी आर. के. नारायण यांच्या ‘स्वामी अँड फ्रेंड्स’बद्दलच बोलते.

आधी विनोदाचं बघू, कारण ‘हे पुस्तक खूप विनोदी आहे’ एवढं लिहून तू पुढे निघून गेलीस. विनोदी पुस्तकाचं परीक्षण लिहिणाऱ्याचं खरं काम तिथेच असतं. हसू आलं, हे वाचणाऱ्याला कळतंच. ते कशामुळे आलं, हे तू दाखवायचं आहेस. आंब्यांचं गणित आठव. सुट्टीतसुद्धा वडील स्वामीला अभ्यासाला बसवतात आणि गणित घालतात. रामाकडे दहा आंबे आहेत, त्याला त्यांचे पंधरा आणे मिळवायचे आहेत. कृष्णाला हवेत चारच. तर कृष्णाने किती पैसे द्यायचे? स्वामी पाटीकडे बघत बसतो आणि त्याच्या डोळ्यांसमोर ते आंबे येतात. हा राम कोण, तो इतका हावरट का, कृष्णाला चारच का हवेत, असं सगळं त्याच्या मनात चालू होतं. शेवटी तो वडिलांना विचारतो, आंबे पिकलेले आहेत का? वडिलांना वाटतं, पोरगा टाळाटाळ करतोय. प्रकरण कान पिळण्यापर्यंत आणि रडण्यापर्यंत जातं.

आता सांग, यात हसू कोणाला येतं? आपल्याला. स्वामीला मुळीच नाही. तो जीव तोडून विचार करतोय. शिवाय त्याचा प्रश्न वेडगळ आहे का? देवगडच्या कुठल्याही आंबेवाल्याला विचार, चार आंब्यांचा भाव आंबे कच्चे की पिकलेले हे बघितल्याशिवाय तो सांगणारच नाही. नारायण यांचा विनोद हा असा आहे. त्यांचा स्वामी विनोद करत नाही, कोणाची नक्कल करत नाही, हजरजबाबी तर तो अजिबात नाही. तो दहा-अकरा वर्षांच्या मुलाच्या पूर्ण गांभीर्याने जगतो, आणि मोठ्यांचं जग त्या गांभीर्याला धडकतं. आजकाल तुमच्यासाठी लिहिलेल्या कितीतरी विनोदी पुस्तकांत मुलं प्रौढांसारखे टोमणे मारतात. मला ती पुस्तकं आवडत नाहीत. त्यांत लेखक हुशार असतो आणि मूल कुठेच नसतं.

परीक्षेतली वाघाची गोष्ट तर तुझ्या तक्त्यासाठीच लिहिल्यासारखी आहे. सोन्याचं कडं दाखवून ब्राह्मणाला फसवणाऱ्या म्हाताऱ्या वाघाची गोष्ट पेपरात येते आणि तिच्याखाली प्रश्न येतो : या गोष्टीचा बोध काय? स्वामीला वाटतं, बोध तर उघड आहे. वाघ सोन्याचं कडं द्यायला लागला तर ते घेऊ नये. एका ओळीत उत्तर लिहून तो सगळ्यांच्या आधी बाहेर पडतो, आणि मग शंकरने त्याच प्रश्नाला किती लिहिलं हे ऐकून घाबरतो. ज्या पुस्तकात हा प्रसंग आहे त्याला ‘बोध’ या रकान्यात कोंबणं मला बरोबर वाटत नाही. बाई रागावणार नाहीत. त्या जागी ‘या पुस्तकाने मला कुठे थांबवलं’ असं लिहिलंस तर त्या ते नक्की वाचतील.

तुला थांबवणारी जागा चौथ्या प्रकरणात आहे.

राजम येण्याआधीची मांडणी नीट बघ. स्वामीचे चार मित्र आहेत आणि चौघांशी मैत्रीची कारणं वेगवेगळी आहेत. सोमू मॉनिटर, शिक्षकांशीही मोकळेपणाने बोलणारा. शंकर वर्गात हुशार. मणी मागच्या बाकावरचा दांडगट, सगळ्या वर्गाला त्याची भीती, पण तो स्वामीला सांभाळतो. आणि चणीने लहान म्हणून ज्याला सगळे वाटाणा म्हणतात तो सॅम्युएल. त्याच्यात सांगण्यासारखं काहीच नाही, फक्त त्याला आणि स्वामीला एकाच गोष्टीवर हसू येतं. ही चौथी मैत्री सांगायला लेखकाला आणखी कुठलं कारण लागलंच नाही. हसू जुळणं एवढंच कारण, आणि ते त्यांनी बाकीच्या कारणांच्या रांगेत बरोबरीने ठेवलं. हे तुझ्या परीक्षणात यायला हवं.

मग राजम येतो. पोलीस अधिकाऱ्याचा मुलगा, मद्रासच्या इंग्रजी शाळेतून आलेला, पायात बूट-मोजे, गळ्यात टाय, आणि इंग्रजी असं की गोऱ्या साहेबानेच बोलावं. आपल्याकडे मराठी शाळेतून एखादं मूल इंग्रजी शाळेत जातं, किंवा इंग्रजी शाळेतलं मूल गावच्या शाळेत येतं, तेव्हा पहिल्या दिवशी वर्गात जे होतं तेच कादंबरीतल्या १९३० सालच्या मालगुडी गावात होतं. मणीला त्याला शरयू नदीत बुडवायचं असतं. दोघांमध्ये चिठ्ठ्या जातात, त्या पोचवण्याचं काम स्वामीकडे. शेवटी नदीकाठी लढाईला म्हणून भेटतात आणि तिथे तिघांची दोस्ती होते. इथपर्यंत सगळं गमतीचं आहे.

चौथं प्रकरण मात्र नारायण यांनी फार बारकाईने लिहिलं आहे. स्वामीच्या जुन्या मित्रांनी त्याला मारलं नाही, शिवी दिली नाही. तो जवळ आला की बोलणं थांबतं. त्याने काही विचारलं की जेवढ्यास तेवढं उत्तर मिळतं. शेपटीबद्दल काहीतरी चाललेलं असतं, आणि ही शेपूट म्हणजे आपण, राजमची शेपूट, हे बिचाऱ्याला आधी कळतसुद्धा नाही. तोही त्यात भाग घ्यायला जातो. मला या पुस्तकातली सगळ्यात दुखरी जागा हीच वाटते. ज्या बोलण्यातून त्याला काढून टाकलं आहे त्या बोलण्यात शिरायची त्याची धडपड.

तू भरभर वाचलंस, म्हणून तुझ्या नजरेतून एक गोष्ट सुटली असेल. इथे दुष्ट कोणी नाही. स्वामीने जुन्या मित्रांचं काही वाकडं केलेलं नाही. तो फक्त राजमबरोबर जास्त असतो, राजमसमोर वेगळा वागतो. सोमू, शंकर आणि वाटाणा यांना तो हवा आहे. पण ‘आम्हाला तुझी आठवण येते’ असं वाक्य त्या वयाच्या मुलांना बोलता येत नाही, म्हणून ते नाव पाडतात. चिडवणाऱ्यांचं चूक आहे, यात मला शंका नाही. तरी नारायण त्यांना खलनायक करत नाहीत, आणि राजमलाही नाही. एका मुलाला दोन घोळक्यांत राहायचं आहे आणि कुठल्याच घोळक्याला ते चालत नाही, एवढंच. यात कोणी माफी मागितली तरी प्रश्न सुटत नाही.

आणि मग सुटतो कसा ते बघ. राजम सगळ्यांना घरी बोलावतो, मैत्री आणि शत्रुत्वावर भाषण देतो, खाऊ घालतो आणि जो वैर सोडेल त्याला भेटवस्तू कबूल करतो. वैर चटकन संपतं. तू इथे ‘सगळे पुन्हा मित्र झाले’ असं लिहिलंस. जरा पुढे वाच. वर्ष संपतं, शंकरच्या वडिलांची बदली होते, तो गावातूनच जातो. सोमू नापास होतो आणि खालच्या वर्गात राहतो, म्हणजे आपोआपच घोळक्याबाहेर. या दोघांच्या जाण्याला नारायण यांनी जेमतेम काही ओळी दिल्या आहेत. मला आधी हे निष्ठुर वाटायचं. आता वाटतं की शाळेत हे असंच होतं. ज्या मुलाशिवाय मधली सुट्टी जाणार नाही असं वाटतं, तो वर्ष बदललं की दुसऱ्या तुकडीत जातो, आणि त्याचा निरोपही नीट घेतला जात नाही. मोठ्यांच्या बदल्या आणि निकालपत्रकं यांच्यापुढे मुलांच्या मैत्रीला कोणी विचारत नाही. हे एवढ्या थोड्यात सांगायला धैर्य लागतं.

हे त्यांना कुठून कळलं असेल असं तू विचारशील. रासिपुरम कृष्णस्वामी नारायण यांचा जन्म १९०६ चा, मद्रासमधला. लहानपण आईवडिलांपासून दूर, आजीकडे गेलं. आईवडील आणि इतर भावंडं म्हैसूर संस्थानात. शाळा मिशनची. वर्गात ते एकटेच ब्राह्मण होते, आणि धर्माच्या तासाला हिंदू देवांची टिंगल व्हायची तेव्हा सगळ्यांच्या नजरा त्यांच्याकडे वळायच्या, असं त्यांनी ‘माय डेज’ या १९७४ च्या आत्मचरित्रात सांगितलं आहे. पहिल्याच प्रकरणातले एबेनेझर मास्तर, कान पिळणारे, तिथून आलेले आहेत. पुढे नारायण यांचे वडील मोठ्या शाळेचे मुख्याध्यापक, आणि मुलगा कॉलेजच्या प्रवेशपरीक्षेत इंग्रजीतच नापास! जो पुढे जन्मभर इंग्रजीत लिहिणार होता तो. वर्गात आपण बसत नाही म्हणजे काय, हे त्यांनी अनेक बाजूंनी सोसलेलं होतं.

१९३० च्या सप्टेंबरात, आजीने शुभ म्हणून काढून दिलेल्या दिवशी, त्यांनी बंगळुरात एक वही विकत आणली आणि ही कादंबरी सुरू केली. डोळ्यांसमोर पहिल्यांदा आलं ते एक लहानसं रेल्वे स्टेशन, आणि त्याला लागून मालगुडी. हस्तलिखित लंडनच्या प्रकाशकांकडून परत परत यायचं. ऑक्सफर्डला असलेल्या मित्राला त्यांनी शेवटी कळवलं की त्याला दगड बांध आणि थेम्स नदीत टाकून दे. मित्राने तसं न करता ते ग्रॅहम ग्रीन या लेखकाकडे पोचवलं, ग्रीन यांना ते आवडलं आणि १९३५ साली हॅमिश हॅमिल्टन या प्रकाशकाने ते छापलं. लेखकाचं लांबलचक नाव आखूड झालं तेही ग्रीन यांच्याच सल्ल्याने.

तुझी आई लहान असताना दूरदर्शनवर ‘मालगुडी डेज’ लागायची. शंकर नाग यांनी ती मालिका कर्नाटकातल्या आगुंबे गावात चित्रित केली होती, मास्टर मंजुनाथ स्वामी झाला होता आणि गिरीश कर्नाड स्वामीचे वडील. तीत दिसणारी रेखाचित्रं नारायण यांचे धाकटे भाऊ आर. के. लक्ष्मण यांची. होय, तेच, ज्यांचा ‘कॉमन मॅन’ रोज सकाळी वर्तमानपत्रात भेटायचा आणि ज्यांची अखेरची वर्षं पुण्यात गेली. मालिका फार चांगली आहे, जरूर बघ. पण परीक्षण लिहून झाल्यावर बघ. मालिकेत तुला स्वामीचा चेहरा दिसेल. पुस्तकात तुला तो काय विचार करतो ते ऐकू येतं, आणि हा विनोद सगळा तिथे आहे.

आता घराकडे येऊ. राजम स्वामीच्या घरी येणार, त्या दिवसाची तयारी तू ‘आवडलेला प्रसंग’ म्हणून निवडलीस, ते योग्यच केलंस. स्वामी वडिलांची खोली मागून घेतो, खायला काहीतरी खास करायला सांगतो, स्वयंपाक्याने मळकं धोतर नेसून समोर येऊ नये अशी ताकीद देतो, आणि आजीने मध्ये येऊ नये असंही त्याला वाटतं. तू हसलीस, मीही हसते. पण राजमच्या घरी काय होतं ते याच्या शेजारी ठेवून बघ. तिथे राजमची स्वतंत्र खोली आहे, खेळण्यांचं कपाट आहे, आणि तो आपल्या स्वयंपाक्यावर हुकूम सोडतो. स्वामीने ते सगळं बघून ठेवलं आहे. आपल्या घरात तो राजमचं घर उभं करू बघतोय. कालपर्यंत जे घर त्याला पुरत होतं ते एका मित्राच्या डोळ्यांनी बघताना एकदम तोकडं वाटायला लागलं. कोणी त्याला हे शिकवलं नाही, राजम तर काहीच बोलला नाही. तुझ्या डब्यात काय आहे याची तुला यंदा पहिल्यांदा चिंता वाटली असेल, तर ती चिंता हीच.

त्या आजीबद्दल मला खास बोलायचं आहे. तू परीक्षणात लिहिलंस की ‘या पुस्तकात एकही मुलगी नाही, हे बरोबर नाही.’ हे वाक्य वाचून मला फार बरं वाटलं. ते काढू नकोस. एकोणीस प्रकरणं आहेत, आणि वर्गात, मैदानावर, रस्त्यावर सगळे मुलगे. आई दिसते तेवढ्यापुरती दिसते. १९३० सालच्या त्या शाळेत मुली नव्हत्या हे खरं असेल, पण मालगुडीच्या घरांत होत्या, आणि नारायण यांनी त्यांच्याकडे पाहिलं नाही. हे पुस्तकाचं उणेपण आहे. असंच दुसरं उणेपण टांगेवाल्याच्या मुलाच्या प्रकरणात आहे. स्वामीला लोखंडी चाक फिरवायला हवं असतं, टांगेवाला त्याचे पैसे लुबाडतो आणि त्याचा मुलगा स्वामीला धमकावतो. त्या मुलाच्या बाजूने जग कसं दिसतं हे लेखक एकदाही बघत नाहीत. राजमच्या मोज्यांपुढे खट्टू होणारा स्वामी स्वतः कोणाला तरी राजमसारखाच दिसत असणार. पुस्तक आवडलं म्हणून हे लपवायचं कारण नाही. परीक्षणात लिही.

पण आजी तेवढी पूर्ण उतरली आहे. अंधाऱ्या बोळातल्या जागेत, उशा-सतरंज्यांच्या गराड्यात, वेलदोडे-लवंगा ठेवलेल्या लाकडी पेटीशेजारी बसणारी. स्वामी तिला राजमच्या पराक्रमाच्या गोष्टी सांगतो आणि ती त्याला त्याच्या आजोबांच्या कचेरीतल्या थाटाच्या. दोघंही बोलतात, दोघंही एकमेकांचं फारसं ऐकत नाहीत, आणि तरी दोघांनाही छान वाटतं. शाळेत जे कोणी ऐकून घेणार नाही ते सांगायला त्याला ही एक जागा आहे. तिला क्रिकेट म्हणजे काय ते माहीत नाही, टेट नावाचा इंग्रज गोलंदाज माहीत नाही, यावर तो चिडतो. पोट दुखतंय म्हणून ती लिंबू आणायला सांगते तेव्हा तो खेळायला पळतो, आणि मग खेळताना त्याला धसका बसतो, धावत परत येतो. मैदानावर जागा मिळवण्याच्या धडपडीत तो घरातल्या या माणसाला किती सहज बाजूला सारतो! नारायण त्याला रागावत नाहीत. पण लिंबाचा तो प्रसंग त्यांनी क्रिकेटच्या सगळ्या गडबडीत घातला आहे, आणि तो तिथे उगीच नाही.

तू शेवटी एक तुलना केली आहेस, फास्टर फेणेशी. चांगली सुचली तुला. भा. रा. भागवतांचा बनेश फेणेही बाहेरचाच. फुरसुंगीचा मुलगा पुण्याच्या विद्याभवन शाळेत आलेला. पण तो हिंमतीने आणि डोक्याने संकटं सोडवतो आणि सगळे त्याला आपला मानतात. ती पुस्तकं मला प्रिय आहेत, मुलांना असा एक मित्र हवाच. स्वामीचं तसं नाही. त्याला काही सोडवता येत नाही. त्याच्या हातून घडतं ते बहुतेक भलतंच. फेणे वाचताना आपल्याला वाटतं, आपण असे असतो तर! स्वामी वाचताना वाटतं, आपण असेच आहोत. हे दोन्ही आनंद वेगळे आहेत, आणि एक दुसऱ्याहून कमी नाही. तू ‘फास्टर फेणे जास्त चांगला’ लिहिलं आहेस, ते तुझं मत आहे, ठेव. फक्त का ते लिही.

काचा फुटतात त्या प्रकरणाबद्दल तू काहीच लिहिलं नाहीस. कदाचित इतिहासाचा धडा वाटला असेल. तो भाग मला फार महत्त्वाचा वाटतो. १५ ऑगस्ट १९३० ला शरयूच्या काठी सभा भरते. मुंबईच्या एका राजकीय कार्यकर्त्याला अटक झालेली असते, तिचा निषेध म्हणून. विदेशी कपड्यांची होळी होते. कोणीतरी स्वामीच्या टोपीकडे बोट दाखवतं, ही विदेशी, आणि तो ती आगीत टाकतो. (ती टोपी खादीचीच होती, हे त्याला नंतर वडिलांकडून कळतं.) दुसऱ्या दिवशी शाळेच्या काचा फुटतात, स्वामीही दगड मारतो, आणि मग लाठीमार होतो. लाठीमाराचा हुकूम देतो राजमचा बाप. गर्दीत मिसळून जाण्याचा जो आनंद स्वामीला सभेत झाला, तो खोटा नाही. पण त्या गर्दीच्या एका टोकाला तो उभा आणि दुसऱ्या टोकाला त्याच्या सर्वांत लाडक्या मित्राचं घर. आपण कोणाचे, हा प्रश्न इथे वर्गातून रस्त्यावर येतो. मुलांच्या विनोदी कादंबरीत हे आणणं, आणि तेही स्वातंत्र्य मिळायच्या बारा वर्षं आधी छापलेल्या, हे मला आजही थक्क करतं.

क्रिकेट क्लबचं मी थोडक्यातच सांगते, कारण ते तू छान लिहिलं आहेस. मद्रासच्या दुकानाला बॅट-बॉलसाठी पाठवलेलं पत्र, आगाऊ रक्कम मागणारं त्यांचं उत्तर, आणि ते चुकून आपल्याकडे आलं असणार हा मुलांचा निष्कर्ष, हे सगळं ठेव. काचांच्या प्रकरणानंतर स्वामीची शाळा बदलते. नवीन शाळेतली कवायत त्याचा सराव बुडवते, छडी उगारलेल्या हेडमास्तरांच्या हातून तो छडी हिसकावून खिडकीबाहेर फेकतो आणि पळून जातो, रानात हरवतो, आणि ज्या सामन्यासाठी हे सारं केलं तोच सामना चुकतो. राजम त्याच्याशी बोलणं सोडतो. शाळेच्या कामाने खेळ गिळला, ही त्याची तक्रार नारायण विसरले नाहीत. १९८६ साली त्यांची राज्यसभेवर नियुक्ती झाली तेव्हा तिथे ते बोलले ते मुलांच्या पाठीवरच्या दप्तराबद्दल, खेळायला न उरणाऱ्या वेळेबद्दल. पुढे प्रा. यशपाल यांच्या समितीने याच विषयावर १९९३ मध्ये अहवाल दिला. तुझं दप्तर अजूनही जडच आहे, हे मला माहीत आहे.

आता तुझा प्रश्न : ‘राजम शेवटी स्वामीला पत्र पाठवतो का? लेखकाने सांगायला हवं होतं.’

नाही, बाळ. सांगितलं नाही तेच बरोबर केलं. राजमच्या वडिलांची बदली होते. पहाटे स्वामी अँडरसनच्या परीकथांचं पुस्तक घेऊन स्टेशनवर जातो. राजमभोवती पोलीस अधिकाऱ्यांची गर्दी आहे, आणि स्वामीची जवळ जायची हिंमत होत नाही. गाडी सुटते. तेव्हा मणी ते पुस्तक घेतो, धावतो आणि खिडकीतून राजमच्या हातात देतो. राजम काहीतरी बोलतो, ते गाडीच्या आवाजात ऐकू येत नाही. स्वामी मणीला विचारत राहतो की राजम पत्र लिहील ना? मणी हो म्हणतो. ते खरं की स्वामीला बरं वाटावं म्हणून, हे आपल्यालाही कळत नाही.

तू शेवट अपुरा आहे असं लिहिलंस. मला वाटतं, तू राजमकडे बघत राहिलीस, स्वामीसारखीच, म्हणून तुला तो अपुरा वाटला. सगळं पुस्तक स्वामी राजमकडे बघतो. आपणही बघतो. आणि तुझ्या तक्त्यात मणीबद्दल एकच ओळ आहे : ‘मणी हा वर्गातला गुंड.’ तो पहिल्या प्रकरणात तसा आहे खरा. पण जुळवून बघ. चिठ्ठ्यांच्या भांडणात मणी आहे, प्रश्न फुटावेत म्हणून कारकुनाला वांगी नेऊन देणारा मणी आहे, राजम जाणार ही बातमी स्वामीला सांगायला येणारा मणी आहे, आणि स्टेशनवर पुस्तक घेऊन धावणारा मणी. त्याच्या घरात नारायण आपल्याला फारसं नेत नाहीत. त्याला कोणी स्वामीसारखं टेट म्हणत नाही, त्याच्यासाठी कोणी खास खायला करत नाही. स्वामीने त्याची मैत्री मिळवायला काही केल्याचं आठवत नाही, आणि ती गमावण्याची भीतीही त्याला कधी वाटली नाही.

म्हणून एक सुचवते. आहे ते परीक्षण फाडू नकोस. शेपटीच्या प्रकरणावर एक परिच्छेद लिही, आणि मणीवर निदान दोन. पुस्तक पहिल्यापासून पुन्हा चाळ आणि मणी जिथे जिथे येतो तिथे पेन्सिलने बारीक खूण कर. पुस्तक शाळेचं असेल तर कागदाच्या चिठ्ठ्या घाल. तक्त्यात जागा पुरणार नाही, तेव्हा बाईंना विचारून पुरवणी जोड. आणि मणीला एकच गोष्ट विचारता आली तर तू काय विचारशील, ते मला वेगळ्या कागदावर लिहून पाठव. ते बाईंना दाखवायची गरज नाही.

तुझी,
आजी